एक रेघ, वाचता येईल अशी

पाठ क्रमांक सात. मराठ्यांचं आरमार.
मिठबावकर सर शेवटच्या बाकावर तिरके बसलेत,
गुडघे आत मावत नाहीत,
मांडीवर माझ्या गुणांचा कागद.

मी तक्ता टांगला : गुराब, गलबत, मचवा.
खिडकीबाहेर कुणीतरी खरंखुरं जहाज कापत होतं,
त्यामुळे दर वाक्यानंतर थांबावं लागे.

तेवढ्यात सेल्वी उठली.
"बाई, आपल्याइथे दारूखाना का म्हणतात?
इथे सगळे पिऊन पडायचे का?"
वर्ग हसला. मीही हसले असते,
पण मागे कागद होता.

"दारू म्हणजे बंदुकीची," मी म्हटलं,
"तिचं कोठार होतं इथे,
सतराशे एकोणसत्तर साली बांधलेलं."

कोठारापर्यंत मला ऐकून माहीत होतं.
साल आपोआप पडलं,
फाटक्या खिशातून नाणं पडावं तसं.
आणि वर्ग गप्प झाला.
साल ऐकलं की वर्ग गप्प होतो
हे बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.
अडतीस पेनं चालली.
एकोणचाळिसावं मिठबावकर सरांचं.
विषयज्ञान : उत्तम.

रात्री चिंचपोकळीच्या खोलीवर
गॅझेटियरच्या झेरॉक्सा, दोन जुने नकाशे,
मैत्रिणीच्या मैत्रिणीचा प्रबंध.
कोठार सापडलं. कारखाना म्हणणारेही सापडले.
माझं साल कुठेच नाही.
दीड वाजता दात घासताना आठवलं :
एकोणसत्तर हे आईचं जन्मसाल.
दोनशे वर्षं मागे नेऊन
मी तिला दारूगोळ्याशेजारी उभं केलं होतं.

"कशाला सांगताय?" सर जिन्यात म्हणाले.
"परीक्षेत येत नाही. पोरं विसरतात.
आणि गुण मी दिलेत."
हे ते मायेनेच बोलत होते.

तरी सांगितलं.
"काल मी एक साल दिलं. ते मी कुठेही वाचलेलं नव्हतं.
खरं असेल, नसेल. मला माहीत नाही."
वर्ग पुन्हा गप्प, पण कालच्यासारखा नाही.
पंख्याची खरखर ऐकू येऊ लागली.

सेल्वीने अंगठा जिभेला लावलासुद्धा,
शाई पुसायला.
"खोडू नका," मी ओरडलेच जवळजवळ.
"एक रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे.
बाजूला आजची तारीख घाला,
आणि लिहा, बाईंनी मागे घेतलं."

अडतीस रेघा. काही पट्टीने, काही जोरात.
एकीने माझ्या सालावर फुली मारली
आणि मग घाबरून माझ्याकडे पाहिलं.

इमामुद्दीनने हात वर केला नाही, बसूनच विचारलं,
"मग पुस्तकातली सालं?"

माझ्या टाचणात तीन रकाने असतात :
अध्यापकाची कृती, विद्यार्थ्यांची कृती, फलक.
या प्रश्नाला चौथा लागला असता.
"ती कुणी सांगितली, ते विचारायचं," मी म्हटलं,
"आणि त्याला कुणी सांगितलं."
"कुठवर?"
घंटा झाली. खरंच झाली,
मी वाचले असं वाटलं, त्याचीही लाज वाटली.

सर पेनाला टोपण लावत म्हणाले,
"आरमार राहिलं तुमचं."

राहिलंच. सोमवारी पुरं करायचं ठरलं.

सोमवारी इमामुद्दीनने गमछ्यातून एक पितळी पट्टी आणली,
वीतभर, एका टोकाला वितळलेली,
वर अक्षरं. ती ना मराठी, ना इंग्रजी,
ना उर्दू, सेल्वीने पाहिलं, तमिळही नाहीत.
सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी फळ्यावर तारीख लिहिली,
खाली : पट्टी, पितळ, अक्षरं नऊ, वाचता येत नाहीत.

"कुठल्या जहाजावरची?" मी विचारलं.
"माहीत नाही," तो म्हणाला.
मग डोकं खाजवून :
"अब्बांना विचारतो.
नाहीतर मुकादमाला."